स्नायू : कार्य, श्रम आणि दुखापत

(प्राथमिक शिक्षक, ग्रामसेवक व पंचायत सदस्य यांच्या एका प्रशिक्षण वर्गात दिलेल्या व्याख्यानाचा हा मजकूर आहे.)



वर्गाच्या संयोजकांनी मला विषय दिला तो शरीरातील स्नायूंचा. मी कलाशाखेचा पदवीधर. माहिती गोळा करणे आणि ती लोकांपर्यंत पोहोचविणे हा माझा व्यवसाय. शस्त्रक्रियागृहातील भाषा त्यामुळे माझ्याजवळ नाही. परंतु ज्या विषयाशी शेतकऱ्याचा, हमालाचा, गवंड्याचा आणि शाळेतील मुलाचा रोजचा संबंध येतो, तो डॉक्टरांच्या स्वाधीन करून आपण मोकळे व्हावे हेही योग्य नव्हे. आपल्या बोलीने तर या विषयाची परिभाषा केव्हाच तयार करून ठेवलेली आहे. उसण भरणे, लचक भरणे, मुरगळणे, पायात गोळा येणे, वांब येणे, अवघडणे, मुका मार लागणे, असे किती शब्द सांगावेत! अंगमेहनत करणाऱ्या समाजानेच हे शब्द घडविले आहेत आणि त्यांतील बहुतेकांचा अर्थ एकमेकांपासून निराळा आहे. आज आपणांस या शब्दांच्या मागे काय घडते ते पाहावयाचे आहे.

प्रथम एक छोटासा प्रयोग करू. आपण सर्वांनी उजवा हात पुढे धरावा, डाव्या हाताने उजव्या कोपराच्या किंचित खाली, हाताच्या मांसल भागाला विळखा घालावा आणि उजव्या हाताची बोटे पियानो किंवा पेटी वाजविल्याप्रमाणे हलवावीत. हलतात ती बोटे, परंतु डाव्या तळव्याखाली वळवळ जाणवते ती कोपरापाशी. याचा अर्थ असा की, बोटे मिटविणारे मुख्य स्नायू बोटांत नसून कोपर आणि मनगट यांच्या दरम्यान आहेत. त्यांच्यापासून पांढऱ्या, चिवट दोऱ्या निघून मनगटाखालून बोटांच्या हाडांपर्यंत जातात. या दोऱ्यांना कंडरा म्हणतात. कळसूत्री बाहुल्यांचा खेळ ज्यांनी पाहिला असेल त्यांना यापेक्षा अधिक सांगावयास नको. कोपराजवळ इजा झाली असता बोटे का निकामी होतात, हे पुढे समजून घेण्यासाठी हा प्रयोग कृपया लक्षात ठेवावा.

आपल्या शरीरात हाडांना जोडलेले ६०० हून अधिक स्नायू आहेत. तरुण पुरुषाच्या वजनाचा सुमारे ४० टक्के भाग त्यांचा असतो, स्त्रियांमध्ये त्याहून काहीसा कमी. हृदयाचा स्नायू निराळा, आणि आतडी व रक्तवाहिन्या यांच्या भिंतींतील स्नायूही निराळे. ते आपल्या इच्छेची वाट पाहत नाहीत. हाडांना जोडलेले स्नायू मात्र आपल्या आज्ञेत वागतात, म्हणून शालेय पुस्तकांत त्यांना ऐच्छिक स्नायू असे नाव दिलेले आहे.

स्नायू ओढतो, ढकलीत नाही

स्नायूंविषयी एकच गोष्ट लक्षात ठेवावयाची असेल तर ती ही की, स्नायू फक्त ओढू शकतो. तो आखडतो आणि ज्या हाडाला त्याची कंडरा चिकटलेली असते त्या हाडाला आपल्याकडे खेचतो. ढकलण्याची शक्ती त्याच्यात नाही. मग वाकविलेला हात पुन्हा सरळ कसा होतो? त्यासाठी हाडाच्या विरुद्ध बाजूस दुसरा स्नायू असतो. दंडाच्या पुढील बाजूचा द्विशिर स्नायू कोपर दुमडतो, मागील बाजूचा त्रिशिर स्नायू ते उलगडतो. बैलांचा कासरा आठवावा. एका बाजूचा कासरा ओढला की दुसऱ्या बाजूचा सैल सोडावा लागतो. दोन्ही एकाच वेळी ताणले तर बैल जागच्या जागी उभे राहतात. आपण ताठ उभे राहतो तेव्हा पायांतील व पाठीतील समोरासमोरचे स्नायू असेच दोन्ही बाजूंनी बेताने ताणलेले असतात.

ही वाटणी बिघडली तर काय होते, याचे भयंकर उदाहरण म्हणजे धनुर्वात. जखमेत शिरलेल्या जंतूंचे विष मज्जारज्जूत पोहोचून स्नायूंना ‘सैल हो’ असे सांगणारी यंत्रणाच बंद पाडते. मग दोन्ही बाजूंचे स्नायू एकाच वेळी आखडतात आणि जो बलवान तो जिंकतो. जबडा मिटविणारे स्नायू उघडणाऱ्यांपेक्षा कितीतरी बलवान, म्हणून दातखीळ बसते. पाठीचे स्नायू पोटाच्या स्नायूंहून बलवान, म्हणून रोग्याचे शरीर मागच्या बाजूस धनुष्यासारखे वाकते. आपल्या पूर्वजांनी या रोगाला दिलेले नाव स्नायूंच्या या कुस्तीचे अचूक वर्णन करणारे आहे. बाळंतिणी व नवजात अर्भके यांच्यातील धनुर्वाताचे भारतातून निर्मूलन झाल्याचे २०१५ मध्ये जाहीर झाले. परंतु जंतू मातीत आहेत ते आहेतच. शाळेत १० व्या आणि १६ व्या वर्षी दिल्या जाणाऱ्या लशीच्या दिवशी जी मुले गैरहजर राहतात, त्यांची यादी शिक्षकांनी आरोग्य सेविकेकडे द्यावी, एवढे जाता जाता सुचवितो.

स्नायूला आज्ञा पोहोचते ती चेतातंतूंमार्फत. इटलीतील बोलोन्या येथील लुइजी गॅल्व्हानी यांनी मेलेल्या बेडकाचा पाय विजेच्या स्पर्शाने झटका देतो हे पाहिले आणि १७९१ मध्ये ते प्रसिद्ध केले, तेव्हापासून या आज्ञेचा विजेशी संबंध आहे हे माहीत झाले. मात्र चेतातंतू आणि स्नायू यांच्यामध्ये एक अतिसूक्ष्म फट असते, आणि ती ओलांडण्यासाठी तंतूच्या टोकातून एक रसायन सोडले जाते. मण्यार सापाचे विष नेमके या ठिकाणी घाव घालते. स्नायू शाबूत, चेतातंतू शाबूत, परंतु मधला निरोप बंद! म्हणूनच रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला मण्यार चावली तर पुष्कळदा ना सूज, ना फारशा वेदना, आणि काही तासांनी पापण्या मिटू लागतात. त्यानंतर गिळता येईनासे होते आणि शेवटी श्वासाचे स्नायू थांबतात. पापण्या जड झालेल्या माणसाला ‘झोप अनावर झाली आहे’ असे समजून पडू देणे म्हणजे त्याला मृत्यूच्या हवाली करणे होय. अशा वेळी प्रतिविष आणि कृत्रिम श्वासोच्छ्वासाची सोय असलेले रुग्णालय गाठणे हाच उपाय आहे.

पोहरा ओढणारे हात

आज्ञा पोहोचल्यावर स्नायू आखडतो म्हणजे नेमके काय होते? या प्रश्नाने शास्त्रज्ञांना फार दिवस छळले. स्नायूतील धागे स्प्रिंगसारखे गुंडाळले जात असावेत असाही एक समज होता. १९५४ च्या मे महिन्यात ‘नेचर’ या नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन शोधनिबंध शेजारी शेजारी प्रसिद्ध झाले. एक अँड्र्यू हक्सली व रॉल्फ निडरगर्क यांचा, दुसरा ह्यू हक्सली व जीन हॅन्सन यांचा. दोन्ही हक्सलींचे एकमेकांशी नाते नव्हते, परंतु निष्कर्ष एकच होता. स्नायूतील धागे आखूड होत नाहीत, तर ते एकमेकांमध्ये सरकतात. दोन्ही हातांची बोटे एकमेकांत घालून पुढे सरकवावीत, तसे.

जाड धागा मायोसिनचा व बारीक धागा अॅक्टिनचा. जाड धाग्याला असंख्य सूक्ष्म मुठी असतात. त्या बारीक धाग्याला पकडतात, खेचतात, सोडतात आणि पुढे जाऊन पुन्हा पकडतात. विहिरीतून पोहरा काढताना आपण हेच करतो. एक हात दोर ओढतो, तो सोडून वर जाईपर्यंत दुसऱ्याने दोर धरून ठेवलेला असतो. दोन्ही हात एकदम सोडले तर पोहरा पुन्हा तळाला जाईल. स्नायूतही सर्व मुठी एकदम सुटत नाहीत. १ मिलिमीटर लांबीच्या स्नायुतंतूत अशा ओढकऱ्यांच्या सुमारे ४०० तुकड्या एकापुढे एक उभ्या असतात. प्रत्येक तुकडी अगदी थोडेसे सरकते, परंतु सर्वांचे सरकणे एकत्र होऊन हात वर येतो.

यातील एक गोष्ट विचित्र वाटेल. मुठीला धागा पकडण्यासाठी नव्हे, तर सोडण्यासाठी ताजे इंधन लागते. हे इंधन अन्न आणि प्राणवायू यांच्यापासून पेशीत तयार होते. मृत्यूनंतर ते संपते, मुठी धाग्यांना धरून तशाच राहतात आणि काही तासांत प्रेत ताठते. पोलीस पाटलांना ही ताठरता ओळखीची असेल. तिचे कारण मात्र फारसे कोणी सांगत नाही. जिवंत स्नायूत इंधनातील जेमतेम चौथा हिस्सा कामी येतो, बाकीची उष्णता होते. म्हणून श्रमाने घाम येतो आणि थंडीत शरीर स्वतःहून कुडकुडू लागते. ते कुडकुडणे म्हणजे स्नायूंनी पेटविलेली शेकोटीच होय.

ओझे आणि पाठ

आता थोडे गणित. इटलीचेच जोव्हान्नी बोरेल्ली यांनी प्राण्यांच्या हालचालींवर लिहिलेला ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर १६८० च्या सुमारास प्रसिद्ध झाला. स्नायूला उचललेल्या ओझ्यापेक्षा कितीतरी अधिक जोर लावावा लागतो, हे त्यांनी तरफेच्या नियमाने दाखवून दिले. द्विशिर स्नायूची कंडरा कोपराच्या सांध्यापासून सुमारे ५ सेंटिमीटरवर हाडाला चिकटते. हातातील बादली मात्र कोपरापासून ३५ सेंटिमीटर दूर असते. म्हणजे १० किलोची बादली कोपर काटकोनात धरून पेलावयाची तर स्नायूला ७० किलोंइतका जोर लावावा लागतो. निसर्गाने हा तोट्याचा व्यवहार का केला, असे वाटेल. परंतु त्याच्या बदल्यात आपल्याला वेग मिळाला. स्नायू १ सेंटिमीटर आखडला की हात ७ सेंटिमीटर फिरतो. दगड भिरकावणाऱ्या आणि गोफण फिरविणाऱ्या प्राण्याला हा सौदा फायद्याचाच ठरला.

पाठीच्या बाबतीत मात्र हा सौदा अंगाशी येतो. कण्याला सावरणारे स्नायू कण्याच्या मध्यापासून अवघ्या ५ सेंटिमीटरच्या आसपास मागे आहेत. एखाद्याने गुडघे न वाकविता, कमरेत वाकून, ५० सेंटिमीटर पुढे पडलेले २० किलोचे ओझे उचलले, तर केवळ त्या ओझ्यासाठी पाठीच्या स्नायूंना २०० किलोंचा जोर लागतो. वाकलेल्या धडाचा भार त्याखेरीज. तेच ओझे प्रथम शरीराजवळ ओढून घेतले आणि अंतर २५ सेंटिमीटरवर आणले, तर ओझ्यापुरता हा जोर निम्म्यावर येतो. उसण भरण्याचे पुष्कळसे प्रसंग हे ओझ्याच्या वजनामुळे नसून अंतरामुळे येतात. त्यातही ओझे हातात असताना कमरेत पीळ देऊन वळणे हे सर्वांत वाईट. पाय वळवावेत, कंबर वळवू नये. बाजार समितीतील जुना हमाल हे कोणी न शिकविता करतो. शाळेत धान्याची पोती आली की उत्साहाने पुढे होणारा तरुण शिक्षक ते करीत नाही.

हमालांचा उल्लेख आला म्हणून सांगतो. महाराष्ट्राने १९६९ मध्ये माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसाठी स्वतंत्र कायदा केला. त्याच्या २ वर्षे आधी, १९६७ मध्ये, आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने प्रौढ पुरुषाने वाहावयाच्या ओझ्याची मर्यादा ५५ किलो असावी अशी शिफारस केली होती. एके काळी १ क्विंटलचे पोते पाठीवर घेणे ही मर्दुमकी समजली जात असे. आज ५० किलोचे पोते सर्वत्र दिसते, हा पाठींच्या दृष्टीने मोठाच बदल आहे. दप्तराच्या बाबतीतही केंद्र शासनाच्या २०२० च्या धोरणात विद्यार्थ्याच्या वजनाच्या १० टक्के ही मर्यादा सांगितलेली आहे. त्याकरिता शाळेत वजनकाटा मात्र चालू स्थितीत असावा लागतो!

उसण भरलेल्या माणसाला आठ-आठ दिवस फळीवर निजवून ठेवण्याची पद्धत पूर्वी होती. आता वैद्यकशास्त्र उलट सांगते. एक-दोन दिवसांहून अधिक निजून राहू नये, सोसेल तितके चालावे-फिरावे. कारण न वापरलेला स्नायू फार झपाट्याने रोडावतो. मात्र पायात बधिरपणा किंवा लुळेपणा आला, लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, तर ती साधी उसण नव्हे. तेथे घटकाभरही थांबू नये.

दुखणे, गोळा आणि फाटणे

रायगडाच्या पायऱ्या चढताना दम लागतो, परंतु दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या दुखतात त्या उतरल्यामुळे. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू आखडण्याचा प्रयत्न करीत असतो आणि शरीराचा भार त्याला त्याच वेळी लांबवीत असतो. या ओढाताणीत तंतूंना सूक्ष्म चिरा पडतात, आणि त्यांची डागडुजी सुरू झाली की दुखू लागते. ‘आम्ल साठले म्हणून दुखते’ असे अजूनही सर्रास सांगितले जाते. तथापि श्रमात तयार होणारे ते आम्ल तासा-दोन तासांत निघून जाते, आणि दुखणे तर दुसऱ्या दिवशी सुरू होते. हे दुखणे आपोआप बरे होते आणि पुढच्या खेपेस स्नायू अधिक तयार असतो. सहलीच्या दुसऱ्या दिवशी मुलांना कवायतीतून सूट द्यावी की नाही, हा प्रश्न मी मुख्याध्यापकांवर सोपवितो.

पोटरीत गोळा येतो किंवा वांब येते तेव्हा स्नायू आखडतो आणि सैल होण्याचे विसरतो. थकलेल्या स्नायूवरील चेतातंतूंचा ताबा सुटणे हे त्याचे एक प्रमुख कारण. उन्हात दिवसभर घाम गाळणाऱ्या ऊसतोड मजुराच्या बाबतीत शरीरातील मीठ कमी होणे हे दुसरे. गुडघा सरळ करून पायाचा चवडा हळूहळू स्वतःकडे ओढला की बहुधा गोळा सुटतो. ताणलेल्या स्नायूला सैल होण्याचा संदेश मिळतो, इतके सोपे ते आहे.

लचक म्हणजे स्नायूचे काही तंतू तुटणे. शंभर मीटर धावताना मांडीच्या मागे ‘कोणीतरी दगड मारला’ असे वाटून खेळाडू लंगडत थांबतो, ती हीच. थोडे तंतू तुटले तर तीन आठवड्यांत बरे वाटते, बरेच तुटले तर महिने लागतात, आणि स्नायू किंवा कंडरा संपूर्ण तुटली तर शस्त्रक्रियेची वेळ येऊ शकते. मुरगळणे मात्र वेगळे. तेथे दुखावतो तो हाडाला हाडाशी बांधणारा अस्थिबंध. पाय मुरगळल्यावर चार पावलेही टाकता येत नसतील किंवा घोट्याच्या हाडावर दाबल्यावर कळ येत असेल, तर क्ष-किरण तपासणी केल्यावाचून राहू नये.

प्रथमोपचारात विश्रांती, बर्फ, दाबपट्टी आणि अवयव उंच ठेवणे ही चतुःसूत्री गेब मर्किन या अमेरिकन डॉक्टरांनी १९७८ मध्ये रूढ केली. पुढे त्यांनीच बर्फाविषयी आपले मत बदलले. बर्फाने वेदना कमी होते, परंतु तो सतत लावल्यास भरून येण्याची क्रिया मंदावू शकते, असे ते म्हणू लागले. तेव्हा पहिल्या दिवशी फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटे, वेदनेपुरता लावावा, आणि दोन-तीन दिवसांनी सोसेल तशी हालचाल सुरू करावी.

आणि चोळू नये! आपल्याकडे मार लागला की पहिला हात तेलाच्या बाटलीकडे जातो. कबड्डीत मांडीवर गुडघा बसला, मुका मार लागला, आत रक्त साकळले, आणि घरी आल्यावर आजीने प्रेमाने रगडून दिले, तर थांबत आलेला रक्तस्राव पुन्हा सुरू होतो. इतकेच नव्हे, तर रगडलेल्या स्नायूत काही वेळा चक्क हाड तयार होऊ लागते. मांडी आणि कोपर या दोन जागी हे विशेष घडते व सांधा कायमचा आखडतो. जुनाट अवघडलेल्या मानेला तेल लावावे, त्याने बरे वाटते. ताज्या माराला, आणि मुलाच्या कोपराला तर कधीही, मालीश नको.

घट्ट पट्टी

आता ज्यासाठी मी हा विषय आनंदाने स्वीकारला त्या मुद्द्याकडे येतो. जांभळाच्या किंवा चिंचेच्या झाडावरून पाच-सात वर्षांचे मूल हातावर पडते. कोपराच्या वरचे हाड मोडते. लहान मुलांत कोपराजवळ होणारे हे अगदी नेहमीचे अस्थिभंग आहेत. हाडवैद्याकडे नेल्यावर तो बांबूच्या कामट्या लावून पट्टी करकचून बांधतो. पट्टी जितकी घट्ट तितका इलाज पक्का, अशी सर्वांची समजूत! रात्री मूल रडत राहते, आणि ‘हाड मोडले आहे, रडणारच’ असे म्हणून घरचे त्याला निजविण्याचा प्रयत्न करतात.

हातातील स्नायूंभोवती एक चिवट, न ताणणारे वेष्टन असते. मार लागल्यावर आत सूज वाढते. वेष्टन ताणले जात नाही आणि बाहेरून पट्टीही जागा देत नाही. दाब इतका वाढतो की बारीक रक्तवाहिन्या मिटतात. चार तासांपर्यंत स्नायू बहुधा तग धरतो, सहा ते आठ तासांत तो मरू लागतो, आणि मेलेला स्नायू पुन्हा जिवंत होत नाही. त्याच्या जागी आखूड, ताठर वण तयार होतो. मघाच्या प्रयोगात आपण पाहिले की बोटांच्या दोऱ्या कोपराखालच्या स्नायूंतून निघतात. त्या दोऱ्या आता कायमच्या ओढलेल्या राहतात, मनगट वाकते आणि बोटे पंजासारखी आत वळतात. हाड दीड महिन्यात जुळते. हात मात्र जन्मभराचा जातो. जर्मनीतील हाले येथील शल्यचिकित्सक रिखार्ड फॉन फोल्कमान यांनी १८८१ मध्ये या विकृतीचे वर्णन केले आणि घट्ट बांधलेल्या पट्ट्यांकडे बोट दाखविले. इतक्या वर्षांनीही असे हात आपल्याकडे पाहावयास मिळतात.

याचा दोष एकट्या हाडवैद्याला देणे मला न्याय्य वाटत नाही. दूरच्या पाड्यावर मदतीला तोच असतो. शिवाय रुग्णालयातील प्लास्टरखालीही सूज वाढून हेच घडू शकते. घडते ते लक्षण न ओळखल्याने.

ते लक्षण म्हणजे वेदना, परंतु विशिष्ट प्रकारची. हाड स्थिर बांधल्यानंतर दुखणे उतरावयास हवे. ते चढत गेले, गोळी देऊनही थांबेना, आणि मुलाचे दुमडलेले बोट आपण हळूच सरळ करू लागताच त्याने किंचाळी फोडली, तर धोका आहे असे समजावे. मुंग्या येणे, बोटे बधिर होणे, ती पांढरी किंवा निळसर पडणे, मुलाला ती स्वतः हलविता न येणे, ही पुढची पायरी. मनगटाची नाडी लागते म्हणून कोणी निर्धास्त राहू नये, कारण नाडी बंद होते ती अगदी शेवटी. अशा वेळी पट्टी व कामट्या पूर्ण सोडाव्यात, नुसत्या सैल करू नयेत. प्लास्टर असेल तर ते ताबडतोब कापून घ्यावे. हात छातीच्या पातळीला ठेवावा, आणि रात्र असली तरी १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावून शल्यचिकित्सक असलेले रुग्णालय गाठावे. तेथे स्नायूभोवतीचे वेष्टन चिरून दाब मोकळा करतात. ‘सकाळी पाहू’ हे दोन शब्द येथे फार महाग पडतात. गावातील हाडवैद्याला ग्रामसभेत दूषणे देण्यापेक्षा सरपंचांनी त्याला घरी चहाला बोलवावे आणि त्या वेदनेची खूण समजावून सांगावी. मुलाचे कोपर त्याने पुढे पाठवून दिले तर त्याच्याइतका मोठा आरोग्यसेवक दुसरा नाही.

आणखी एका गटाविषयी दोन शब्द. पोलीस भरती जवळ आली की पहाटे गावोगावच्या डांबरी रस्त्यांवर मुलेमुली धावताना दिसतात. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय दोघांनाही १०० मीटर आणि गोळाफेक. वर्षभर बसून राहिलेला मुलगा दोन आठवड्यांत तयार होऊ पाहतो. पहिल्याच दिवशी, उन्हात, पाणी न पिता, शेकडो बैठका मारतो. असा अतिरेक झाला तर स्नायुतंतू मोठ्या प्रमाणावर फुटून त्यांतील लाल द्रव्य रक्तात उतरते आणि ते मूत्रपिंडांना बाधते. अंग असह्य दुखणे, हातपाय गळून जाणे आणि कडक चहाच्या रंगाची लघवी ही याची खूण आहे. तसे दिसल्यास व्यायाम थांबवून त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. लाजेपोटी मुले हे सांगत नाहीत. क्रीडाशिक्षकांनी पहिल्या दिवशीच त्यांना हे सांगून टाकावे, आणि धावण्यापूर्वी दहा मिनिटे अंग गरम करण्याची सवय लावावी.

शेवटी शाळेतील प्रथमोपचार पेटीविषयी. पुष्कळ पेट्यांत मुदत संपलेली मलमे आणि सुटा कापूस याखेरीज काही नसते. दोन ताणपट्ट्या, हात गळ्यात अडकविण्यासाठी दोन त्रिकोणी फडकी, आणि मोडलेल्या हाताखाली आधार म्हणून ठेवता येईल असा जाड पुठ्ठा एवढे असले तरी पुरे. पुठ्ठा कोणत्याही खोक्यातून कापून घेता येतो. पट्टी बांधल्यावर तिच्याखाली आपले एक बोट सहज सरकले पाहिजे आणि मुलाची बोटे बाहेर, उघडी, दिसत राहिली पाहिजेत. पेटी मुख्याध्यापकांच्या कुलूपबंद कपाटात न ठेवता मैदानाला लागून असलेल्या वर्गात ठेवावी.